कार्डावरची गुनवोर

गुनवोर आमच्या ग्रोसुंदला आली ती नोव्हेंबरात. त्या महिन्यात इथं कुणी आपणहून येत नाही. उन्हाळ्यात शहरातली माणसं होड्या घेऊन येतात, खडकांवर उघडीबागडी लोळतात, माझ्या टपरीतलं आइस्क्रीम संपवतात आणि निघून जातात. नोव्हेंबरात फक्त वारा येतो. त्या वाऱ्यात ही बाई एक पिशवी घेऊन बसमधून उतरली, थेट माझ्या टपरीशी आली आणि म्हणाली, "इथं काम मिळेल का? कसलंही चालेल."

बंदराच्या धक्क्यावर माझी टपरी. कॉफी, सॉसेज, वर्तमानपत्रं, सिगारेटी, गळाचे हूक, सगळं एकाच खिडकीतून विकायचं. मी तिला आधी कॉफी दिली, मग हिल्डिंगकडे धाडलं. मासळीच्या लिलावघराला लागून त्याची शेड होती. तिथं मासे धुरावर भाजायचे आणि कोळंबी सोलून बरण्यांत भरायची. म्हातारा तोंडाचा फटकळ, पण पोटात काही ठेवायचा नाही.

"हात बघू," तो म्हणाला.

तिनं हात पुढे केले. डाव्या हाताची करंगळी मोडून वेडीवाकडी जुळलेली होती.

"हे काय?"

"दारात सापडली होती."

"बरं. कोळंबी सोलायला करंगळी लागत नाही. उद्यापासून ये."

अशी ती आमची झाली. शेडच्या माडीवर एक खोली होती, ती तिनं घेतली. पहिल्या वर्षी बोलायची कमी आणि दचकायची फार. गाडीचं दार कुठं धाडकन लागलं की हातातली टोपली खाली पडायची. कुठंही गेली तरी दाराकडे तोंड करून बसायची. जूनमधल्या सणाला आम्ही हिरव्या पानांचा खांब उभारतो, त्याच्या भोवती नाचतो, मग सगळ्या गावाचा एक फोटो निघतो. फोटोची वेळ झाली की गुनवोरला नेमक्या ताटल्या धुवायच्या असायच्या. मी काय ते ओळखलं होतं. पण आमच्याकडे माणसाला खोदून विचारायची पद्धत नाही. समोर कॉफी ठेवायची आणि तो आपणहून बोलेल तेव्हा ऐकायचं. गुनवोर काही बोलली नाही. मीही विचारलं नाही.

तिच्या खोलीत फोन नव्हता. माझ्या टपरीला लागून टेलिफोनचा बूथ होता, तिथून ती दर रविवारी आईला फोन करायची. तिची आई बोरोसला, कापडाच्या गिरण्यांच्या गावात. तेव्हा बूथमध्ये नाणी टाकावी लागत. गुनवोर मुठीत नाणी घेऊन उभी राहायची, आणि बोलता बोलता नाणं टाकायचं राहिलं की आईचा आवाज मधेच तुटायचा.

मग टेलिफोन खात्यानं कार्डं आणली. नाण्यांची पेटी असली की पोरं रात्री पहार घेऊन ती फोडायची. आमच्या बूथचीही दोनदा फोडली होती. एक दिवस दोन माणसं आली, जुनं यंत्र उचकटलं आणि नवं बसवलं. त्यात नाणं जायला जागाच नव्हती, नुसती एक फट. त्या फटीत कार्ड सरकवायचं. वरच्या चिमुकल्या खिडकीत आकडा दिसायचा, की अजून एवढे युनिट शिल्लक. बोलत जाल तसा आकडा उतरत जायचा. कार्डं माझ्या टपरीवर विकायला ठेवली.

गावात बोंबाबोंब झाली. हिल्डिंग तर आठवडाभर धुमसत होता.

"आधी पैसे द्यायचे, बोलायचं नंतर? उद्या माझा मासाही असाच विकतो मी. आधी पैसे द्या, मासा पुढच्या वर्षी पकडतो."

"अरे, पण मधेच नाणी शोधायला नकोत," मी म्हटलं.

"मला नाणी शोधायला आवडतं. तेवढ्या वेळात बायको गप्प असते."

गुनवोरला मात्र कार्ड आवडलं. आकडा समोर दिसतो, म्हणायची. कधी तुटणार ते आधी कळतं, निरोप घेता येतो.

पहिली कार्डं साधी होती, नुसता रंग आणि आकडा. पुढं त्यांच्यावर चित्रं छापायला लागले. हरणं, दीपस्तंभ, जुन्या आगगाड्या. लोक संपलेली कार्डं टाकून देईनात, जपून ठेवायला लागले. मग एका मे महिन्यात एक तरुण फोटोग्राफर आमच्या बंदरावर आला. किनाऱ्यावरच्या बंदरांची चित्रं कार्डांवर येणार होती, त्याचे फोटो काढायला. हिल्डिंगनं आतून सगळ्यांत मोठा कॉड मासा आणला, तो छातीशी धरला आणि जवळजवळ अर्धा दिवस धक्क्यावर पुतळ्यासारखा उभा राहिला. पोट आत, दाढी विंचरलेली. गुनवोर कोळंबीची पेटी कमरेवर घेऊन मागून जात होती. तिनं ते ध्यान बघितलं आणि मान मागं टाकून खदखदून हसली. इतक्या वर्षांत तिला तसं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. फोटोग्राफरनंही पाहिलं असणार. ते तेव्हा आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या एप्रिलात, एका गुरुवारी सकाळी, कार्डांचं नवं पाकीट आलं. आमच्याकडे सगळं उशिराच येतं, शहरांतून ती कार्डं आधीच खपत होती. मी पाकीट फोडलं आणि ओरडलेच. आमचं बंदर! लाल शेडी, लिलावघर, आणि मधोमध गुनवोर. पिवळा डगला, कमरेवर पेटी, मान मागं, तोंडभर हसू. हिल्डिंगचा नुसता एक बूट कोपऱ्यात आला होता.

ती शेडकडे निघाली होती. मी खिडकीतून हाक मारली, "अगं गुनवोर! इकडे ये, बघ कोण आलंय माझ्याकडे! आता तू राणीसरकार झालीस, सगळ्या देशाच्या खिशात तू!"

ती हसत आली. कार्ड हातात घेतलं. तिचं हसू तसंच राहिलं, पण चेहऱ्यातून रक्त उतरताना मला दिसलं. ओठसुद्धा पांढरे झाले. तिनं कार्ड उलटं केलं. मागं बारीक अक्षरांत छापलं होतं: ग्रोसुंद बंदर.

"दाग्नी," ती म्हणाली, "हे कुठं कुठं गेलं असेल?"

"कुठं म्हणजे? सगळीकडे. देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, माल्मोपासून किरुनापर्यंत. का गं?"

ती मटकन खाली बसली, टपरीच्या पायरीवर. मी बाहेर आले. मग ती बोलली, पाच वर्षांत पहिल्यांदा. फार नाही बोलली. नवऱ्याचं नाव शेल. करंगळी दारात सापडली हे खरं, पण दार त्यानं दाबून धरलं होतं. दोनदा ती पळाली, दोनदा त्यानं शोधून काढलं. दुसऱ्या वेळी इस्पितळात तीन आठवडे. त्यानं तिच्या जवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम होता. तिसऱ्यांदा तिनं नकाशावर बोट ठेवलं, बस बदलत बदलत इथं आली आणि आईलाही गावाचं नाव सांगितलं नाही.

"आईला माहीतच नसेल तर तिच्या तोंडून काढणार कसं?" ती म्हणाली. "दर रविवारी विचारते, कुठं आहेस गं. मी म्हणते, जिथं आहे तिथं बरी आहे."

"अगं, एवढ्याशा कार्डावर कोण निरखून बघतंय?" मी म्हटलं. मला स्वतःलाच ते पटलं नाही.

ती उठली. हातातलं तेच कार्ड घेऊन बूथमध्ये शिरली. काचेतून मला दिसत होतं. तिनं नंबर फिरवला, बोलायला लागली आणि मग तिचं बोलणं थांबलं. नुसती ऐकत होती. एक हात तोंडावर गेला. बाहेर आली तेव्हा फोन नीट अडकवायचंही तिला भान नव्हतं, तो दोरीला लोंबकळत राहिला.

"काल संध्याकाळी आईकडे आला होता. टेबलावर हेच कार्ड ठेवलं. म्हणाला, सासूबाई, ग्रोसुंदची हवा कशी असते हो एप्रिलात? आज सकाळी निघतो म्हणाला. आईनं मला कळवायचं म्हटलं तरी नंबर कुठं होता तिच्याकडे? रात्रभर बसून राहिली, मी फोन करीन म्हणून."

"आणि?"

"आणि म्हणाली, तू हसत होतीस गं त्यात. त्याच्या हातात कार्ड बघून मी घाबरले, आणि तुझं हसू बघून मला रडू आलं."

बोरोसहून आमच्याकडे यायला गाडीनं फार वेळ लागत नाही. मी टपरीतल्या फोनवरून शहरातल्या पोलिसांना फोन लावला. हुकूम मोडतोय म्हटल्यावर त्यांनी मनावर घेतलं. पण जवळची गाडी महामार्गावरच्या एका अपघातावर गेली होती, दुसरी लांबून यायची होती. निघतो म्हणाले, घरात कडी लावून बसा म्हणाले.

"बस दुपारशिवाय नाही," मी म्हटलं. "हिल्डिंगला सांगू, बोटीतून तुला पलीकडच्या बेटावर सोडेल."

गुनवोर समुद्राकडे बघत राहिली. मी तिची पिशवी आणायला निघालेही होते.

"आणि तिथून कुठं, दाग्नी? तिथंही बूथ असेल. तिथंही कार्डं असतील. आता माझं तोंड प्रत्येक खिशात आहे." तिनं डगल्याची बटणं लावली. "पळायचं ते पळून झालं. चल माझ्याबरोबर."

ती लिलावघरात शिरली. सकाळच्या बोटी लागल्या होत्या, ओल्या फरशीवर पेट्यांच्या रांगा, दहाबारा माणसं आणि बर्फाचा तो कच्चा वास. लिलाव पुकारणारा थांबला. या बाईनं पाच वर्षांत चारचौघांत आवाज चढवला नव्हता. ती मधोमध उभी राहिली आणि सगळं सांगितलं. नवरा येतोय, त्याच्याकडे हे कार्ड आहे, तो दिसायला सभ्य आहे, गोड बोलेल, तुम्हाला मीच वेडी वाटेन. करंगळी वर धरून दाखवली. पोलीस येतायत पण वेळ लागेल. "मला कुणी मारामारी करायला नको," ती म्हणाली. "फक्त मला एकटीला सोडू नका."

मग एवाल्ड नावाचा एक बोटवाला होता, कायम तक्रारीचा सूर, तो म्हणाला, "नवराबायकोच्या भांडणात बंदरानं कशाला पडायचं?"

हिल्डिंगनं वळूनसुद्धा बघितलं नाही. "एवाल्ड, तुझी बोट खडकावर बसली होती त्या रात्री, तुझ्या आणि समुद्राच्या भांडणात मी कशाला पडलो रे?"

एवाल्ड खाली बघायला लागला. हिल्डिंग गुनवोरजवळ आला. त्याला काहीतरी मायेचं बोलायचं होतं, पण ते त्याला जमायचं नाही. "फोटोत माझा बूटच आलाय," तो म्हणाला. "तो तरी नीट पॉलिश केलेला होता."

ठरवाठरवी फारशी झाली नाही. गुनवोर माझ्या टपरीच्या मागच्या खोलीत, शीतपेयांच्या खोक्यांमागं बसली. कडी आतून. बाकीचे आपापल्या कामाला लागले, पण कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. मी कॉफी उकळत ठेवली आणि रस्त्याच्या वळणाकडे बघत बसले. एक गाडी आली, ती पोस्टाची निघाली. एक आली, ती डॉक्टरीणबाईंची. प्रत्येक वेळी मागून खोक्याचा बारीक आवाज यायचा, म्हणजे तिनं अंग आक्रसलं असणार.

मग निळी व्होल्वो मोटार आली. सावकाश, जागा बघत बघत. धक्क्यावर, अगदी पाण्याच्या बाजूला, तोंड समुद्राकडे करून उभी राहिली.

उतरला तो माणूस देखणा होता. स्वच्छ दाढी केलेली, चांगलं जाकीट. माझ्या खिडकीशी आला, टोपी काढली.

"नमस्कार. एक कॉफी मिळेल? आणि तो दालचिनीचा बन. तुम्ही स्वतः करता?"

"नाही. बेकरीतून येतात."

"छान गाव आहे. तुम्ही नशीबवान." त्यानं बन तोडला, शांतपणे चावला. मग खिशातून कार्ड काढून माझ्या पुढ्यात ठेवलं. तिच्या चेहऱ्याशेजारी नखानं ओरखडा काढलेला होता. "माझी बायको. तिची तब्येत बरी नसते, डोक्याची. घरून निघून आली. सगळे काळजीत आहेत. कुठं भेटेल?"

मी कार्डावर वाकून निरखल्यासारखं केलं. "ही? उन्हाळ्यात कामाला आली होती. नॉर्वेला गेली म्हणे."

"उन्हाळ्यात," तो म्हणाला आणि हसला. "चित्रात झाडाला नुकती पानं फुटलीयत. आणि डगल्यावर या शेडचं नाव आहे." त्यानं हिल्डिंगच्या शेडकडे बोट केलं. "तुम्ही चांगल्या बाई आहात. खोटं बोलायची सवय नाही तुम्हाला."

तो शेडकडे गेला. हिल्डिंग दारात आडवा उभा. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण हिल्डिंग सारखी मान हलवत होता. शेल परत फिरला, बाकावर बसला, कॉफी पीत सगळ्या खिडक्या एकेक करून बघत राहिला. त्याला घाई नव्हती, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग तो उठून बूथमध्ये गेला. दार मुद्दाम उघडं ठेवलं. कार्ड फटीत सरकवलं, तिच्या चेहऱ्याचंच. माझी टपरी दोन हातांवर, मागच्या खोलीची भिंत तर बूथला लागूनच. त्यानं कुणाला फोन लावला ते पहिल्याच शब्दाला कळलं.

"सासूबाई. पोचलो हो. हवा छान आहे. नाही, अजून भेटली नाही. पण ती ऐकतेय, मला माहीत आहे. इथंच कुठंतरी ऐकतेय." तो आवाज चढवत होता, साऱ्या धक्क्यावर ऐकू जाईल इतका. "तिला सांगतो, की तिनं आपणहून यावं. नाहीतर मी परत बोरोसला येतो. तुमच्याकडे. तुम्ही एकट्याच असता ना, सासूबाई?"

माझ्या मागं कडी निघाल्याचा आवाज झाला. मी वळून "नको" म्हणेपर्यंत गुनवोर माझ्या बाजूनं बाहेर पडली होती. सरळ बूथकडे गेली. तो बघतच राहिला. तिनं त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

"आई, मी आहे. फोन ठेव, शेजारच्या ताईंकडे जा आणि तिथंच बस. आत्ताच्या आत्ता. हो. हो, मी धड आहे."

शेलनं तिचं मनगट धरलं. फोन खाली आपटला. तिथून पुढं सगळं इतकं भराभर झालं की आजही मला त्याचा क्रम नीट लागत नाही. तो तिला ओढत गाडीकडे नेत होता, लिलावघरातून माणसं बाहेर धावत होती, मी ओरडत होते. त्यानं तिला आत कोंबलं, स्वतः दुसऱ्या बाजूनं बसला, दारं लावून घेतली. गाडी चालू झाली. मागं घेतली, आणि गच्चकन थांबली. तो कॉफी पीत असताना हिल्डिंगनं बर्फाचा ट्रक आणून धक्क्याच्या तोंडाशी आडवा लावून ठेवला होता. मागं ट्रक, दोन्ही बाजूंना माणसं, आणि पुढं पाणी.

क्षणभर मला वाटलं, संपलं. आता उतरेल.

तो उतरला नाही. इंजिन मोठ्यानं घरघरलं आणि गाडी पुढं सरकली. पुढची चाकं धक्क्याच्या कडेच्या लाकडी ओंडक्याला जाऊन भिडली. तो ओंडका चाक अडायला असतो, पण ठोकून जाणाऱ्याला अडवायचा नाही. पलीकडे चार पुरुष खोल, बर्फासारखं पाणी. एवाल्ड गाडीजवळ धावला तसा शेल काचेआडून ओरडला, "एकानंही हात लावला तर दोघंही खाली!"

सगळे जागच्या जागी थिजले. गाडी थोडी मागं यायची, पुन्हा ओंडक्याला धडकायची. लाकूड करकरत होतं. मी गुनवोरचा चेहरा बघत होते. ती रडत नव्हती. तिचे ओठ हलत होते, ती त्याच्याशी काहीतरी बोलत होती.

काय बोलत होती, ते तिनं मला पुढं बऱ्याच महिन्यांनी सांगितलं. "शेल, मागं बघ, ट्रक हलतोय," एवढंच. ट्रक हलत नव्हता.

त्यानं मान वळवली. आमच्याकडे चालक डावीकडे बसतो, किल्ली स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, म्हणजे तिच्या बाजूला होती. रोज आठ तास कोळंबी सोलणारे ते हात. तिनं किल्ली फिरवून ओढली आणि तो सिगारेटीसाठी काच थोडी खाली ठेवायचा त्या फटीतून पुढं पाण्याच्या दिशेनं भिरकावली. पाण्यात पडल्याचा आवाज झाला, डुबुक.

इंजिन बंद. एकदम शांतता. मग त्यानं तिच्या केसांना हात घातला, पण तोवर एवाल्डनं, त्याच तक्रारखोर एवाल्डनं, बर्फाच्या फावड्यानं तिच्या बाजूची काच फोडली होती. कडी उघडून तिला बगलेत धरून बाहेर काढलं. तिच्या कपाळावर काचेचं रक्त होतं. तिला त्यानं खाली ठेवलंच नाही, पोत्यासारखी उचलून थेट लिलावघरात नेली.

शेल गाडीतच बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. त्याला कुणी मारलं नाही. हिल्डिंग ट्रकच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बघत होता. पोलीस येईपर्यंत दोघंही तसेच.

खटला चालला, त्याला तुरुंग झाला. आमच्या मते कमी झाला. कोर्टात गुनवोरला सगळं पुन्हा सांगावं लागलं आणि तिथून आल्यावर ती दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. लोकांना वाटतं, अशी गोष्ट झाली की माणूस मोकळं होतं. तसं काही झालं नाही. पुढची कितीतरी वर्षं निळी व्होल्वो दिसली की तिचा चाकू हातातल्या हातात थांबायचा. तो सुटल्यावर पुन्हा आला नाही. का आला नाही, मला माहीत नाही. गावातही सगळे काही देवमाणसं नव्हते. पाद्रीबाईंच्या कॉफीच्या टेबलावर कुणीतरी म्हणालंच, की तिच्यामुळे बंदराचं नाव पेपरात आलं.

टेलिफोन खात्यातला एक माणूस स्वतः येऊन भेटला. कपाळावर घाम, टोपी हातात. तिला विचारायला हवं होतं, म्हणाला. दुकानांत उरलेली कार्डं परत मागवली. पण विकली गेली ती गेली. आणि परत मागवली म्हटल्यावर जमवणाऱ्यांच्या उड्या पडल्या. गोथेनबर्गचा एकजण चकचकीत वही घेऊन आला आणि गुनवोरला म्हणाला, कार्डावर सही करता का? तिनं त्याच्या अंगावर कोळंबीच्या टरफलांची बादली ओतली. तो कार्ड सांभाळत पळाला, वही मात्र आमच्याकडेच राहिली.

तिला लपून राहता यावं म्हणून सरकारी खात्यातल्या एक बाई नवं नाव, नवं गाव द्यायला तयार होत्या. गुनवोरनं कॉफीचा घोट घेतला आणि म्हणाली, "गाव आहे मला." त्याच महिन्यात तिनं खोलीत फोन घेतला. जोडायला आलेल्यानं विचारलं, नंबर डिरेक्टरीत छापायचा की गुप्त ठेवायचा?

"छापा," ती म्हणाली. "पत्त्यासकट."

तिची आई त्याच वर्षी मे महिन्यात आली. बसमधून उतरली आणि लेकीला मिठी मारायच्या आधी तिच्या कपाळावरची खूण अंगठ्यानं चाचपली. मग दोघी बराच वेळ तशाच उभ्या. बसवाला खोळंबला होता, पण त्यानं भोंगा वाजवला नाही.

म्हातारी परत गेलीच नाही. शेडच्या माडीवर दोघींचा संसार मांडला आणि तिसऱ्या दिवसापासून भांडणं सुरू झाली.

"आई, कॉफी इतकी पातळ? तळ दिसतोय कपाचा."

"तुझ्या कॉफीत मासा शिजेल. पाच वर्षं अशीच पीत होतीस म्हणून हाडं राहिलीयत नुसती."

"पाच वर्षं मी सुखानं पीत होते."

"दिसलं मला. त्या कार्डावर दिसलं." म्हातारी मग लेकीच्या कपात आपल्या किटलीतली पातळ कॉफी ओतायची. गुनवोर तोंड वाकडं करायची, पण प्यायची.

हिल्डिंग थकल्यावर शेड गुनवोरनं चालवायला घेतली. एवाल्ड रोज सकाळी पहिली पेटी तिच्याकडेच आणतो आणि रोज मासळीच्या भावावरून कुरकुर करतो. बूथ कधीचा गेला, त्या जागी आता सायकली लावतात. म्हातारी आता चर्चमागच्या टेकडीवर, दफनभूमीत आहे, समुद्र दिसतो तिथून. रविवारी गुनवोर वर जाते. मी गुडघ्यांमुळे खालीच थांबते. उतरून आली की तिला विचारते, "काय म्हणाली आई?"

"म्हणाली, वारा फार आहे," गुनवोर सांगते, आणि आम्ही दोघी घरी जातो.